पाठीत लागलेला भाला

राजा, तू खोटं पोसतोस.

तू स्वतः खोटं बोलत नाहीस, तेवढी अक्कल तुला आहे. तू गवयाला मांडीचं मांस वाढतोस, पेला भरून देतोस, आणि तो तुझ्या वतीने खोटं बोलतो. आत्ताच त्याने थ्रासोनच्या रागाचं गाणं संपवलं. भावाच्या दुःखाने पिसाळलेला थ्रासोन, शपथ मोडणारा थ्रासोन, तहाच्या दिवशी शत्रूच्या पाठीत भाला घालणारा थ्रासोन. बायकांनी डोळे टिपले. तूही टिपलेस. ते मला बघवलं नाही, म्हणून उंबऱ्यावरून उठून आत आलोय.

ओळखलं नसशील मला. मी स्किरोन. थ्रासोनचा रथ मी हाकायचो. एकाच बेटावरचे आम्ही, एकाच खडकावरून समुद्रात उड्या मारायला शिकलेले. तुला इथे सगळे अहो-जाहो करतात. मीही सैन्यात असताना केलं, तेवढं पुरे झालं.

हे लोक गाणं ऐकून बसलेत, आता माझंही ऐकू दे.

तह तुला नको होता. सैन्याला हवा होता. वेढा घातलेल्या शहरापुढच्या मैदानात दोन्हीकडची प्रेतं उघडी पडली होती, वारा फिरला की जेवण घशाखाली उतरत नव्हतं. जहाजांच्या तळाला शेवाळ धरलं होतं. लोक उघड म्हणायला लागले, त्या शहरात काय आमच्या आईचं माहेर आहे का, की तिथे जाऊनच मरायचं? शहरातल्या म्हाताऱ्यांनी निरोप धाडला, आधी प्रेतं उचलू, मग बसून बोलू, काय द्यायचं-घ्यायचं ते ठरवू. तुला ठरवायचं नव्हतं, लुटायचं होतं. पण लोकांसमोर नाही म्हणवेना, म्हणून हो म्हणालास.

शपथेची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. कोकराच्या कपाळावरचे केस कापायचे, दर सरदाराने चिमूटभर हातात घ्यायचे, मग कोकराचा गळा चिरून दारू जमिनीवर ओतायची. जो शपथ मोडेल त्याचा मेंदू असाच मातीत सांडो. ज्याच्या हातात केस, त्याच्या डोक्यावर शाप.

त्या दिवशी तुझ्या उजव्या हाताला पट्टी होती. लागलं कधी होतं, कुणाला ठाऊक नाही. तू म्हणालास, सगळ्यांनी ओरबाडत बसण्यापेक्षा आपल्या सैन्याच्या वतीने एकच हात पुढे होऊ दे, सगळ्यांत चांगला हात. आणि थ्रासोनचं नाव घेतलंस.

तो किती फुलला ते मी पाहिलं. मागच्या लुटीत त्याला मानाचा वाटा दिला नव्हतास, जावयाला दिलास, तो काटा त्याला सलत होता. आता सगळ्या सैन्यासमोर तू म्हणालास, सगळ्यांत चांगला हात. तो ताठ मानेने पुढे गेला आणि एकट्याने केस मुठीत धरले. बाकीचे सरदार जळले. एकजण मागून म्हणाला, "घे, दाढीला चिकटव, शोभेल." कुणाच्याच लक्षात आलं नाही की बाकी सगळे मोकळे राहिले, तूसुद्धा. आम्ही लोक असेच. मान म्हटला की त्याच्या खाली काय बांधलंय ते बघत नाही.

शपथ झाली तरी तह ठरल्या सकाळपासून लागायचा होता, तोवर लढाई चालूच होती. आधल्याच संध्याकाळी लिकोन पडला. थ्रासोनचा धाकटा भाऊ. शहराकडच्या अर्नास नावाच्या भालाइताने त्याला लोळवलं आणि त्याचा पट्टा काढून नेला. तांब्याच्या चकत्या शिवलेला, आईने घरी बसून केलेला पट्टा. थ्रासोन मला म्हणाला, उद्या गाडी जुंप, रथ नको.

तहाच्या सकाळी दोन्हीकडच्या बैलगाड्या मैदानात उतरल्या. रडायला बंदी होती, दोन्हीकडे. पाण्याच्या घागरी होत्या, फडकी होती. तोंडावरचं रक्त आणि माती पुसायची, तेव्हा कळायचं आपला की त्यांचा. काल ज्यांनी एकमेकांना भोसकलं तेच आज एकमेकांना हाका मारत होते, अहो, हा तुमचा दिसतोय, घेऊन जा.

लिकोन सापडला. त्याच्या अंगाखाली दुसरं प्रेत अडकलं होतं, लांब केसांचं, त्यांच्याकडचं. आणि ते शोधत आला कोण? अर्नास. कमरेला लिकोनचा पट्टा. खाली होता तो त्याचा चुलता. काल जिंकलेली वस्तू आज अंगावर घालून यायची, यात त्याने वावगं काही केलं नाही. आपणही तेच करतो. पण थ्रासोनने पाहिलं आणि त्याच्या मानेची शीर दोरखंडासारखी उभी राहिली. भाला त्याच्या हातात होता.

नेमका तेव्हाच तुझा रथ आला. तू हाकत नव्हतास, तुझा माणूस मेलास हाकत होता. तू वाकून म्हणालास,

"थ्रासोन, पट्टा चांगला बसलाय रे त्याला. तुझ्या भावापेक्षा चांगला."

कुणी हसलं नाही. तू थांबला नाहीस. म्हणालास, आई विचारेल घरी गेल्यावर, पट्टा कुठे. सांग तिला, मी होतो ना तिथे, हात भरले होते माझे, कोकराच्या केसांनी.

मी थ्रासोनच्या शेजारी उभा होतो. त्याचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं. अर्नासलाही वाटलं असेल, तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने हात उघडे करून दाखवले. थ्रासोनने भाला उचलला. मग उलटा केला आणि मागचं टोक जमिनीत रोवलं, एवढ्या जोराने की भाला थरथरत उभा राहिला. अर्नासला म्हणाला,

"पायाकडून धर. मी डोक्याकडून धरतो."

दोघांनी मिळून लिकोनला उचललं. मग त्याच दोघांनी त्या चुलत्याला उचललं आणि अर्नासच्या गाडीत ठेवलं. दोघांचे हात कोपरापर्यंत माखले होते, मी घागरीने दोघांच्या हातावर पाणी घातलं. अर्नासची नजर खाली होती. तो पट्ट्याची गाठ सोडायला लागला. थ्रासोनने मान हलवली.

"राहू दे. तह संपला की घेईन. तुझ्या अंगावरून."

अर्नास म्हणाला, "ये. वाट बघतो."

राजा, गाण्यात हे आहे का? मी आयुष्यात पुष्कळ माणसं मारलेली पाहिली. पण एवढा राग गिळून, मान तशीच ताठ ठेवून, दुसऱ्याचं प्रेत उचलणारा माणूस मी तो एकच पाहिला. त्या राग गिळण्यावर कुणी गाणं केलं नाही. त्या गाण्याला मटण कोण वाढणार?

आम्ही लिकोनला आमच्या गाडीत नीट निजवत होतो. पाठ मैदानाकडे होती. भाला तिथेच रोवलेला राहिला होता, आमच्या आणि तुझ्या रथाच्या मध्ये. मी फडकं पिळायला वळलो आणि मला मेलास दिसला. रथातून उतरलेला, थ्रासोनचा भाला हातात, खांदा मागे ताणलेला. मी ओरडेपर्यंत भाला सुटला होता. अर्नास बैलांबरोबर चालत होता. दोन खांद्यांच्या मधोमध लागला. तो गाडीच्या चाकावर तोंडावर पडला, बैल बिथरले, गाडी त्याच्यावरून गेली.

आणि तू रथात बसून होतास. दचकला नाहीस. एवढंच मला पुरेसं आहे.

मग काय व्हायचं ते झालं. त्यांच्याकडे आरोळी उठली, आपल्याकडे उठली, प्रेतं उचलायला आलेल्या लोकांनी गाड्यांची लाकडं उपटून एकमेकांची डोकी फोडली. आधी पडलेल्यांच्या जागेवर नवे पडले. बोलणी गेली पाण्यात. तुझी लढाई तुला परत मिळाली. आणि अर्नासच्या पाठीतला भाला सगळ्यांनी ओळखला, कारण थ्रासोनच्या भाल्याची पकड बैलाच्या आतड्याने गुंडाळलेली होती आणि तशी दुसऱ्या कुणाची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. तुझं ते बोलणं मी विसरणार नाही. तू ओरडला नाहीस, दोष दिला नाहीस. तू कीव केलीस. म्हणालास, भावाचं रक्त आहे, आपल्यापैकी कुणाचा हात राहिला असता? पण शपथ ती शपथ, शाप सगळ्या सैन्यावर यायला नको. मग भालदाराला सांगितलंस, त्याला सभेची काठी द्या, बोलू द्या.

थ्रासोनने काठी घेतली. मी मनात म्हणत होतो, सांग, नुसतं एवढं सांग की मी नव्हतो. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. ज्यांना त्याने ढालीआड घेऊन वाचवलं होतं ते खाली बघत होते. तो म्हणाला,

"मी पाठीत भाला मारतो असं ज्याला वाटतं, त्याच्याशी मला बोलायचं नाही."

काठी परत केली आणि बसला.

हेही तू धरून चालला होतास, नाही का? तुला माहीत होतं, आरोप एवढा घाण असला की हा माणूस तो पुसायलाही हात लावणार नाही. राग गिळता येतो त्याला, मान खाली घालता येत नाही. त्याचं न सांगणं सगळ्यांनी कबुली मानलं.

मी उठलो. म्हणालो, मेलासने फेकला, मी पाहिलंय. भालदाराने विचारलं, तुझ्या हातात काठी आहे का? मी म्हणालो, द्या मग. तो म्हणाला, सारथ्याला काठी देत नाहीत, चाबूक देतात, आणि तीच काठी माझ्या पाठीवर उतरवली. लोक हसले. कित्येक दिवसांनी पोटभर हसले.

ठरलं असं की थ्रासोनने कुणाच्या चुलीवर खायचं नाही, कुणाच्या जहाजात बसायचं नाही. मी आमच्या तंबूत त्याच्यासाठी सातूची भाकर भाजली, ती त्याने खाल्ली. मी म्हणालो, चल, एखादी होडी चोरू, घरी जाऊ. तो म्हणाला, घरी गाणं आपल्या आधी पोचलेलं असेल. मग उठून पाय झाडले.

"निघालास कुठे?"

"माझा भाला तिकडे राहिलाय. आणायला नको?"

तो चेष्टेने म्हणाला असं मला वाटलं. तो तळापुढचा खंदक ओलांडून गेला. भर दुपारी, ढाल नाही, चिलखत नाही. मी खंदकाच्या काठावर उभा राहून पाहत होतो. वेशीतून अर्नासचे भाऊ बाहेर आले. थ्रासोन त्यांच्याशी बोलला. जे त्याने आपल्या लोकांना सांगितलं नाही ते त्याने त्यांना सांगितलं असावं, कारण ते ऐकत राहिले, पुष्कळ वेळ. मग एकजण आत गेला आणि त्याचा भाला घेऊन आला. त्याच्या हातात दिला. दुसऱ्याने ढाल दिली. मग ते समोरासमोर उभे राहिले. थ्रासोनने एकाला जखमी केलं. दुसऱ्याने त्याला छातीत मारलं.

त्यांनीच त्याला जाळलं. वेशीपाशी धूर निघाला तो मी पाहिला. तेव्हा आपल्याकडे जेवणं चालली होती.

शत्रूने त्याचं ऐकून घेतलं आणि समोरून मारलं. आपण ऐकलं नाही आणि मागून मारलं. मेलास तुझ्यामागे उभा आहे, तुझा पेला भरतोय, लोकहो, बघा त्याचा हात कसा थांबलाय. तिकडे बेटावर थ्रासोनची आई विहिरीवर जाते तर बायका घागरी उचलून दुसऱ्या बाजूला सरकतात. पाठीत मारणाऱ्याची आई. तिने मला विचारलं, खरं का रे? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, तू त्याचा मित्र, तू नाहीच म्हणणार. तुझं गाणं सगळीकडे आहे, मी एका जागी आहे.

माझ्या हातात काठी नाही, राजा. मारायचं तर मारायला सांग, पण आधी या सगळ्यांसमोर बोल. मेलासला खूण कुणी केली?