थांबे नसलेली पानं

आमचे साहेब वेबसाइट कागदावर तपासतात. हे नव्या माणसाला सांगितलं की त्याला वाटतं, मी थट्टा करतेय. पाणीपुरवठा कचेरीची वेबसाइट माझ्याकडे आहे. नवी नळजोडणी, बिलाची तक्रार, गळती, टँकर, कुठल्या भागात पाणी येणार नाही, हे सगळं लोक तिथे बघतात. मी पान तयार करते, त्याची प्रिंट काढते आणि साहेबांच्या टेबलावर ठेवते. साहेब लाल पेन्सिल घेऊन जे महत्त्वाचं वाटेल त्याभोवती गोल काढतात. गोलातलं सगळं ठळक करायचं. शिवाय प्रत्येक पान एकाच कागदावर मावलं पाहिजे. एक ओळ जरी दुसऱ्या कागदावर गेली तरी पान परत. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर आमच्याकडे यावं.

ठळक करायला अक्कल लागत नाही. शब्दाच्या आधी टोकदार कंसात बी लिहायचं आणि शब्द संपला की तिरकी रेघ देऊन पुन्हा बी. याला टॅग म्हणतात. पहिल्यानं दार उघडतं, दुसऱ्यानं लागतं, आणि मधलं अक्षर जाड दिसतं. साहेबांना सगळंच महत्त्वाचं वाटतं, त्यामुळे आमची पानं वरपासून खालपर्यंत जाड झाली आहेत. सगळेच ओरडायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! तेव्हापासून कानाला खडा लावला. गोल दिसला की बी, गोल दिसला की बी. इतकी वर्षं हेच केलंय की आता हात आपोआप चालतात आणि डोकं कुठेतरी भिंतीकडे बघत बसतं.

घरी मी आणि दादा. दादा माझा मोठा भाऊ, आयुष्यभर बस चालवली त्यानं. मग साखरेनं त्याचा एक डोळा नेला आणि पाठोपाठ दुसराही. वहिनी त्याआधीच गेली होती, माझं लग्न कधीच मोडलं होतं, तेव्हा दोघांनी एका घरात राहायचं ठरवायला फार बोलावं लागलं नाही. संध्याकाळी मी घरी आले की तो माझ्यासाठी दिवसभराचं जमवून ठेवतो. औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय, विजेचं बिल किती आलंय, जुन्या ड्रायव्हर दोस्तांनी फोनवर काय काय पाठवलंय. दिवसभर अक्षरं जाड करायची आणि घरी येऊन तीच मोठ्यानं वाचायची. त्या दोस्तांचे विनोदसुद्धा मीच वाचते, आणि सांगायला लाज वाटते असे असतात ते. घसा बसतो. पण दमले, असं मी घरात कधी म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं. तर त्यानं मला काही विचारणंच बंद केलं आणि अंदाजानं भलतीच गोळी घेतली. त्यापेक्षा घसा बसलेला परवडला.

म्हणून आमच्या कचेरीत चौकशीच्या फोनवर बसायला माणूस हवाय आणि ती जागा न दिसणाऱ्यांसाठी राखीव आहे हे कळलं, तेव्हा दादापेक्षा मलाच जास्त आनंद झाला. दादा अंधांच्या वर्गात जाऊन बोलणारा संगणक चालवायला शिकला होता. पडद्यावर जे असेल ते यंत्र वाचून दाखवतं. चौकशीचं काम बघणाऱ्या बाईंची अट साधी होती. एक दिवस खरे फोन घ्यायचे, वेबसाइटवर शोधून उत्तर द्यायचं, कुणीही मदत करायची नाही. जमलं तर नोकरी.

आम्ही घरी सराव करायला बसलो. मी स्वयंपाकघरात उभी राहून गिऱ्हाईक झाले.

"हॅलो, अहो, आमच्या मीटरची काच फुटलीय. काय करायचं?"

"एक मिनिट हां, सांगतो," दादा ऐटीत म्हणाला आणि त्यानं एच हे बटण दाबलं. ते दाबलं की यंत्र एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारतं, असं त्याला शिकवलं होतं.

"पुढे मथळा नाही," यंत्र म्हणालं.

त्यानं पुन्हा दाबलं. पुढे मथळा नाही. मग यंत्र पानाच्या डोक्यापासून सगळं वाचायला लागलं. नळजोडणीचे नियम, कचेरीच्या वेळा, सुट्ट्या, सूचना. मीटरपर्यंत पोचेना. माझी कणीक मळून झाली.

"मी फोन ठेवला," मी म्हटलं.

"ठेवणारच. ही तुझी गाडी थांबतच नाही गं कुठे. डेपोतून निघाली की थेट शेवटच्या स्टॉपला. मधल्या माणसानं उतरायचं कुठे?"

"मथळे आहेत की त्यात! चांगले ठळक केलेत मी."

"तुला दिसत असतील."

दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं, तीच तऱ्हा. शेवटी त्यानं यंत्र बंद केलं. "राहू दे. सांग तुझ्या बाईंना, मी येत नाही म्हणून. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असं चार माणसांत कशाला करून घ्यायचं?"

दिवसभराचा सगळा शीण माझ्या तोंडातून बाहेर पडला. "मग काय करणार आहेस? जन्मभर मीच वाचून दाखवायचं?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "ते नको म्हणूनच शिकलो ना मी."

पोळ्या लाटताना माझ्या लक्षात आलं, बटण बरोबर होतं, दादाही बरोबर होता. बी म्हणजे नुसतं जाड. यंत्राला जाडी कळत नाही. इथे नवा विषय सुरू होतो, हा मथळा आहे, हे सांगायला वेगळा टॅग असतो, एच टू नावाचा. अगदी पहिल्या धड्यात शिकवतात तो. डोळस माणूस जाड अक्षर बघून समजून घेतो, म्हणून आमचं इतके दिवस खपून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. "साहेब, मथळ्यांना मथळ्याचा टॅग लावते."

"आत्ता काय वाईट दिसतंय?"

"दिसतंय चांगलं. पण ऐकू येत नाही."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, वेबसाइट काय ऐकायची असते का?"

तरी मी एक पान करून नेलं. मथळ्याच्या टॅगनं अक्षर मोठं होतं, पान लांबतं, आणि शेवटच्या ओळी दुसऱ्या कागदावर गेल्या. साहेबांनी त्या ओळींभोवती लाल गोल काढला आणि पान परत दिलं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. खरं सांगायचं तर साहेबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना फसवायला कमी कष्ट पडतात.

टॅग असतो तो अर्थापुरता. तो दिसावा कसा हे वेगळं सांगता येतं. मथळ्याचं अक्षर आधीच्या जाड अक्षराएवढंच दिसावं, वर-खाली जास्त जागा सुटू नये, एवढं मी एकदा लिहून ठेवलं. पुन्हा प्रिंट काढली. जुना कागद आणि नवा कागद उजेडात एकावर एक धरला तर ओळीवर ओळ.

"बघा," साहेब सही करत म्हणाले, "आहे तेच छान होतं की नाही?"

"हो साहेब."

मग मी कामाला लागले. एकेक पान उघडायचं, जाड अक्षरांच्या गर्दीतून खरा मथळा कुठला ते ओळखायचं, त्याचा बी काढायचा, एच टू घालायचा, दार लावलंय ना ते बघायचं. रोजची कामं होतीच. जेवणाच्या सुट्टीत केलं, सगळे गेल्यावर थोडं थांबून केलं. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नाकी नऊ आले. टँकरचं पान तेवढं राहिलं. ते भयंकर लांब आहे, आणि उन्हाळा लांब होता. टँकरचं कोण विचारतंय आत्ता, असं म्हणून मी संगणक बंद केला.

दादाला मी एवढंच सांगितलं, "थांबे केलेत. ये."

चौकशीचं टेबल माझ्या पलीकडेच आहे, मध्ये अर्ध्या उंचीची फळी. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बाई त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. पहिला फोन वाजला. कुणाला तरी नळ दुसऱ्याच्या नावावर करायचा होता. पलीकडून एचचं बटण टकटक वाजलं, आणि दादा म्हणाला, "हं, लिहून घ्या." पुढचा फोन गळतीचा. टकटक, "हं, ऐका." मला हसूही येत होतं आणि पाठही दुखत होती.

दुपारी मात्र दादाचा आवाज बदलला. "टँकर? लग्नघरी? बघतो हं." टक. थोडं थांबून पुन्हा टक.

मला पान तोंडपाठ होतं. फळीवरून दोन वाक्यं सांगितली असती तर झालं असतं. मी उठलेसुद्धा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. कुणीही मदत करायची नाही. मी सांगितलं असतं तर माझ्याच तोंडानं त्याची नोकरी गेली असती, आणि नाही सांगितलं तर माझ्या आळसानं गेली असती. मी फळी धरून तशीच उभी राहिले. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

"अहो ताई," दादा फोनमध्ये म्हणाला, "हे जरा शोधावं लागेल. तुमचा नंबर सांगा, मी स्वतः फोन करतो. करणार म्हणजे करणार." नंबर त्यानं दोनदा मोठ्यानं म्हणून पाठ केला. मग यंत्राचा वेग इतका वाढवला की माझ्यापर्यंत नुसतं चिवचिव ऐकू येत होतं. सगळं पान त्यानं पहिल्या ओळीपासून ऐकलं. अधेमधे उतरला नाही, सोडलं नाही. शेवटी नंबर फिरवला आणि त्या ताईंना अर्ज कुठे करायचा, किती आधी करायचा, टँकर गल्लीत शिरत नसेल तर काय, सगळं सांगितलं. बाईंनी उठून त्याच्यासाठी चहा मागवला.

मी खुर्चीत बसले, तोच माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार मॅडम, चौकशीतून बोलतोय," पलीकडून दादाचा आवाज फोनमध्येही आला आणि फळीवरूनही. "टँकरच्या पानावर एकही मथळा नाहीये. लोक खोळंबतात. जरा बघून घ्याल का?"

आयुष्यात तो मला मॅडम म्हणाला नव्हता. "बघते," मी म्हटलं. "आजच करते."

"बाई म्हणतायत, उद्यापासून डबा घेऊन या," तो म्हणाला, आणि त्यानं शिस्तीत फोन ठेवला.

टँकरचं पान संपवून आम्ही एकत्रच घरी आलो. मी पाय धुतले, दिवा लावला, आणि सवयीनं टेबलावरचं पाण्याचं बिल उचलून त्याच्यासमोर बसले. घसा साफ केला.

"ठेव ते," दादा म्हणाला. "बिल वेबसाइटवर असतं ना? मी ऐकतो माझं माझं. तू आज दमली असशील."

मी बिल खाली ठेवलं.

"हो रे दादा," मी म्हटलं. "खूप दमलेय."