कप्तानाचा घसा

"खेळ की, कोण नको म्हणतंय? पण तोंड मिटून खेळ," यतीन म्हणाला. अबुधाबीच्या रेडिओ केंद्रावर मराठी कार्यक्रमांचा तो प्रोड्युसर. "मागच्या फायनलनंतर तू बातम्या वाचल्यास, तेव्हा लोकांना वाटलं ट्रान्समीटरच गेला. आज ओरडलीस तर उद्यापासून बातम्या अपर्णा वाचेल. खलास."

केंद्रावर बातम्या वाचणारी रुखसार ही कर्लिंगमधली गतवर्षीची विजेती कप्तान. पलीकडच्या वर्तुळाच्या मधोमध थांबवायचा जड दगड बर्फावरून सरकत येतो, त्याच्यापुढे दोघीजणी झाडूने बर्फ घासत धावतात. घासला की दगड सरळ आणि लांब जातो. कधी घासायचं, कधी थांबायचं, हे पलीकडच्या टोकाला उभी कप्तान ओरडून सांगते.

"हात करून सांगेन," रुखसारने शब्द दिला. बातम्या तिला जिवापाड प्रिय होत्या.

दुपारी फायनलला तिने खरंच नुसते हात केले. पण घासणारीची मान खाली, नजर दगडावर. तिला हात दिसणार कसा? दगड वेळेआधीच वळायचे, नाहीतर वर्तुळ ओलांडून जायचे. शाळेत शिकवणाऱ्या कॅनेडियन बायकांचा संघ पुढे निघून गेला.

"आपा, मूग गिळलेस का?" बर्फ घासणारी तहसीन झाडू टेकून म्हणाली. "तुझी नोकरी वाचवायला आम्ही हरायचं?"

रुखसारला ते लागलं. आवाज तिचा होता. केंद्राने तो वाचण्यापुरता घेतला होता, विकत नव्हे.

संघातल्या अपूर्वाने शेवटचा दगड सोडला. तो जरा हळूच सुटला.

"घास, तहसीन, घास. सोडू नका. अजून. यल्ला, चला, अजून." छप्पर दणाणलं. दगडाने समोरच्यांचा दगड हलकेच बाजूला लोटला आणि मधोमध थांबला. चषक त्यांच्याकडेच राहिला.

सकाळी स्टुडिओत अपर्णा बातम्यांचे कागद घेऊन खुर्चीत बसली होती. रुखसारचा सलाम ऐकून यतीनने कपाळाला हात लावला. "शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडला," तिचा घसा खरखरला. "पण कालची फायनल आजची पहिली बातमी आहे, आणि ती मीच वाचणार. काढायचं तर त्यानंतर काढा. का काढलं, तेही माईकवरच सांगा."

अपर्णा उठली. "मी नाही बाई हिच्यासमोर वाचत," म्हणून बाहेर गेली. यतीनचा हात माईक बंद करायच्या बटणाकडे गेला, पण दाबायला धजला नाही.

लाल दिवा लागला. रुखसारने माईक जवळ ओढला.

"नमस्कार. आवाज बसलाय. कसा बसला, तेच आधी सांगते."