स्पंजवाला हेडफोन

हॉर्नकाकांना ऐकू येत नाही ही गोष्ट गोदामात सगळ्यांना ठाऊक होती, एक हॉर्नकाका सोडून. त्यांचं म्हणणं एकच, लोक हल्ली पुटपुटतात. टीव्हीवाले पुटपुटतात, मुलगी फोनवर पुटपुटते, आणि बायको तर लग्नापासूनच तोंडातल्या तोंडात बोलते. काकू बिचाऱ्या घरात इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की आज त्यांच्याकडे भाजी कुठली हे खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना न विचारता कळायचं.

गोदामात काका फोर्कलिफ्ट चालवायचे. खोक्यांची चळत पुढच्या दोन लोखंडी दातांवर उचलायची आणि फळीवर नेऊन ठेवायची, ती छोटी गाडी. सव्वीस वर्षं झाली होती. प्रत्येक वळणावर तीन-तीनदा हॉर्न द्यायचे म्हणून हॉर्नकाका. नवी पोरं म्हणायची, किती काळजी घेतो माणूस! काळजी कसली डोंबलाची! दुसऱ्याचा हॉर्न आपल्यापर्यंत पोचत नाही, तेव्हा आपलाच एवढा वाजवावा की समोरचा झक मारत थांबेल, असा तो हिशेब होता. काकूंनी तो केव्हाच ओळखला होता. काकांना विचारलं असतं तर ते मारायला उठले असते.

आणि मग नोटीस लागली. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे कान तपासणार. नापास होईल त्याची गाडी काढून घेणार आणि त्याला पॅकिंगच्या टेबलावर उभं करणार, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. कानाचं मशीन लावलं तरी गाडी मिळणार नाही, हेही खाली लिहिलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"मी चिकटपट्ट्या लावू?" काका घरी येऊन कडाडले. "त्यापेक्षा राजीनामा तोंडावर फेकतो आणि घरी बसतो."

या घरी बसण्याचीच काकूंना धास्ती होती. सुट्टीच्या दिवशी हा माणूस गॅलरीत उभा राहून उजव्या हाताची बोटं नुसतीच मागे-पुढे करायचा, गाडीचा दांडा ओढल्यासारखी. विचारलं तर म्हणायचा, काही नाही, बोटं आखडलीत. असा माणूस गाडीवरून उतरवला तर करणार काय? भिंतीकडे बघत बसेल आणि बघता बघता वाळून जाईल. काकूंनी पडदे शिवता शिवता चार दिवस याचाच विचार केला, आणि शिवणीत दोनदा सुई मोडली.

तेवढ्यात लंबू आला. लंबू म्हणजे काकांचा गोदामातला जुना दोस्त, पहिल्याच तुकडीत तपासणी देऊन पास झालेला. आल्या आल्या त्यानं दार लावून घेतलं आणि खिशातून काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेयर काढला.

"वहिनी, पेपर फुटलाय," तो म्हणाला. "भाच्यानं इंटरनेटवरून टेस्ट काढून यात भरून दिलीय. तश्शीच्या तशी. कानात टीं वाजलं की बोट वर. उजव्या कानात वाजलं तर उजवं, डाव्यात वाजलं तर डावं. बस्स, एवढीच तर परीक्षा! दहा दिवस घोटून घ्या. फक्त याच्यासोबतचा हेडफोन एका बाजूनं मेलाय. तेवढा नवा घ्या, बरासा बघून."

कानांची परीक्षा अभ्यास करून पास होता येत नसते, हे त्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. उलट काकूंना त्या रात्री चक्क झोप लागली.

हेडफोनचं दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं बाहेर यावं एवढंसं. भिंतभर वायरी लोंबत होत्या. दुकानदारानं आधी सगळे बिनवायरचेच दाखवले.

"अहो, आमच्या प्लेयरला भोक आहे, त्यात वायर जायला हवी," काकू म्हणाल्या. "आणि जास्त महागातला नको."

दुकानदारानं नाराजीनं खालचा खण उघडला. तीन निघाले. एक कानात खुपसायचा. तो काकांच्या कानात टिकेना, जबडा हलला की बाहेर. दुसरा जाडजूड गाद्यांचा, कान पूर्ण झाकणारा, त्यातल्या त्यात महाग. तो काकांनी ऐटीत चढवला. काकूंनी प्लेयर चालू केला. काका ताठ बसले. बसूनच राहिले.

"बंद आहे हा," काका म्हणाले.

"चालू आहे की, काका."

"अरे बंद आहे म्हणतोय ना! नुसत्या गाद्या लावल्यात, आत काही नाही. गिऱ्हाईक म्हातारं दिसलं म्हणून काहीही गळ्यात मारता काय?"

दुकानदारानं हेडफोन घेऊन स्वतःच्या कानाला लावला. "खणखणीत आहे," तो म्हणाला आणि त्यानं तो काकूंपुढे धरला.

काकूंनी लावला. टीं. उजव्या कानात, स्वच्छ, सुई टोचावी तसा. मग पुन्हा टीं. मग डाव्यात. मग एक जाडसर घूं, तेवढा काकांनाही आला असता कदाचित. आवाज शेवटपर्यंत वाढवलेला होता. कमी ऐकू येतं, थोडं ओरडून बोलावं लागतं, इथपर्यंत काकूंची तयारी होती. पण एवढं काहीच नाही? समोर काका दुकानदाराला झापत होते आणि काकूंना वाटलं, या माणसाशी इतकी वर्षं आपण जे बोललो त्यातलं पोचलं तरी किती?

त्यांनी हेडफोन काढला. "हो, खराब आहे हा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला.

तिसरा उरला होता. पातळ पत्र्याची पट्टी, दोन टोकांना काळे स्पंज. सगळ्यांत स्वस्त. दुकानदारानं आधीच हात झटकले.

"हा घेऊ नका, ताई. याचा आवाज बाहेर फुटतो. शेजारी बसलेल्याला सगळं ऐकू येतं. परत आणून द्याल."

"शेजारच्याला ऐकू येतं?"

"सगळं. डावं कुठलं, उजवं कुठलं, तेसुद्धा."

"मग हाच द्या," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर शाळा भरली. काका स्पंज लावून एका बाजूला, काकू समोर. स्पंजातून टीं फुटला की काकू टेबलावरचं बोट किंचित उचलायच्या, आणि ते बघून काका आपलं बोट वर करायचे. बोलणं काही झालं नव्हतं. तू मला खूण कर असं काका म्हणाले नाहीत, मी खूण करते असं काकू म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे बरोबर आले.

"बघ!" काका म्हणाले. "हेडफोन धड असला की सगळं येतं. तो गादीवाला लुच्चा होता."

काकू हसल्या. त्यांना रडू येत होतं, पण हसल्या.

पाचव्या दिवशी लंबू चहाला आला आणि बोलता बोलता बोलून गेला, की तपासणीच्या केबिनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसवतात, काचेकडे पाठ. काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. लंबू गेल्यावर त्या काकांसमोर बसल्या आणि पहिल्यांदाच सरळ बोलल्या.

"अहो, आपण आकडे पाठ करू."

काकांनी ऐकलं. म्हणजे ओठ वाचले. त्यांनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "सांग."

उजवं बोट. चार आकडे मोजायचे. पुन्हा उजवं. सहा. डावं. तीन. उजवं. काकू त्यांच्या गुडघ्यावर ठोके द्यायच्या आणि काका पाढे म्हणावेत तसं मनात मोजायचे. आंघोळीला जाताना मोजायचे, बूट घालताना मोजायचे. दहाव्या दिवशी हेडफोन न लावता, डोळे मिटून, त्यांनी दोन मिनिटांची अख्खी टेस्ट बोटांवर करून दाखवली. काकूंनी समोर प्लेयर लावून ताडून पाहिलं. एक टीं चुकला नाही. या वयात, इतकी मेहनत! काकूंना इतका अभिमान वाटला, की क्षणभर त्या विसरूनच गेल्या आपण हे काय करतोय.

तपासणीला काकूही गेल्या. काका म्हणाले होते, "तू चल, कागदबिगद विचारतील." कंपनीच्या दवाखान्यात एक बोळ होता, बोळात बाक आणि बाकासमोर काचेची केबिन. दारावर एक लाल दिवा होता. तपासणारी मुलगी पांढऱ्या कोटातली, त्यांच्या मुलीच्याच वयाची, बोलायला गोड. ती बाकावरच्या सगळ्यांना म्हणाली, "हा दिवा लागला की टेस्ट सुरू झाली असं समजा. तेव्हा आवाज नको."

तिनं काकांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. हेडफोन चढवला, जाड गाद्यांचा, दुकानातल्यापेक्षाही जाड. काहीतरी सांगितलं. काकांनी मान डोलावली. मुलगी मशीनपाशी आली, तेवढ्यात शिपाई रजिस्टर घेऊन आत शिरला. ती सही करायला वाकली. तिचं पेन उठेना. ती दुसरं पेन शोधायला लागली.

काकांचं उजवं बोट वर गेलं.

काकूंनी दिव्याकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. काकूंच्या ओठांवर आकडे आपोआप आले, एक, दोन, तीन, चार. पुन्हा उजवं. अगदी वेळेवर. मग सहा, मग डावं. काय सुरेख चाललं होतं! काकू उठून काचेपाशी गेल्या. काचेवर थाप मारावी म्हणून त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. थाप ऐकणार कोण?

आत मुलीनं मान वर केली. शिपाईही बघायला लागला. दोघं पेन विसरून त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत उभे राहिले, आणि तो माणूस नीट, शांतपणे, एकामागून एक बोटं वर करत राहिला. दोन मिनिटं. शेवटचं डावं झालं. काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पाठ सैल सोडली.

मुलीनं शिपायाला बाहेर पाठवलं. मग दिवा लागला.

दिवा बराच वेळ जळत होता. काका पेपर लिहून झालेल्या पोरासारखे स्वस्थ बसून होते. मध्ये एकदा त्यांनी मान जराशी तिरकी केली, उजवं बोट अर्धं उचललं आणि परत ठेवलं. तो घूं असणार. तेवढा एक त्यांना खरंच ऐकू आला होता, पण तो त्यांच्या मोजणीत नव्हता, म्हणून त्यांनी सोडून दिला.

दार उघडून काका बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा काकूंना बघवेना, इतका तो खुलला होता.

"सगळे बरोबर!" ते बोळभर ऐकू जाईल असे म्हणाले. "एक चुकला नाही. मध्ये जरा काहीतरी घुमलं, मला फसवायला टाकलं असेल. मी कसला फसतोय!"

"दिवा लागला नव्हता हो," काकू हळूच म्हणाल्या.

"काय?"

"छान झालं म्हटलं."

"मग! आता त्या प्लेयरमध्ये गाणी भरून घेऊ. हेडफोन आहेच," असं म्हणत काका बोळातून पुढे चालायला लागले. उजव्या हाताची बोटं मागे-पुढे होत होती.

मागे केबिनचं दार वाजलं. मुलीनं हाक मारली, "काका!" मग थोडी मोठ्यानं, "काका, एक मिनिट!"

काका चालत राहिले. काकूंची मान अर्धी वळली होती, ती त्यांनी सरळ केली. तिसरी हाक आली तेव्हा त्यांनी काकांचा हात धरला, आणि त्यांनाही काही ऐकू आलं नाही.