बोटभर चढणारी रेघ

मी एक जुना आलेख-कागद आहे आणि स्वभावाने संशयी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. तुमच्या वहीतल्या आलेख-कागदावर रेघा सारख्या अंतरावर असतात. माझ्या आडव्या रेघा वर जाताना एकमेकींना चिकटत जातात, मग एकदम मोकळ्या होतात, पुन्हा चिकटतात. डाव्या काठावर एक ते नऊ आकडे, त्यांच्यावर पुन्हा एक ते नऊ, आणि अगदी वरच्या टोकाला आणखी एक. खालचा एक म्हणजे एक, मधला म्हणजे दहा, त्यावरचा म्हणजे शंभर. मला लॉग-कागद म्हणतात. जळगावच्या एका कॉलेजात मुले मला चुकीचा छापलेला समजायची. संगणक आले आणि मी कपाटात गेलो. पुढची वीस वर्षे वाळवीवर डोळा ठेवण्यात गेली.

तिथून मला वृषाली मॅडमनी सोडवले. एरंडोलजवळच्या एका गावात त्या विज्ञान शिकवतात. गावच्या कपाशीत बोंडअळीचे पतंग मोजायला सापळा लावला होता. मागच्या वर्षी मॅडमनी आकडे साध्या कागदावर मांडले. कितीतरी आठवडे रेघ तळालाच पडून राहिली, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. मग ती एकदम उभी राहिली, पण तोवर बोंडे किडली होती. तळाला पडून राहिलेली रेघ मला कधीच गरीब वाटत नाही.

यंदा ठिपके माझ्यावर आले. पहिल्या आठवड्यात तीन पतंग, मग सहा, मग बारा, मग चोवीस. मॅडमनी पट्टी लावली तर चारही ठिपके एका सरळ रेघेत! मला घामच फुटला. माझ्यावर सरळ चढणारी रेघ म्हणजे दर वेळी तितकेच पतंग नव्हे, तितकेच पट; इथे दर आठवड्याला दुप्पट.

मॅडमनी गावकऱ्यांना शाळेत बोलावले. उद्या सगळ्यांनी एकदम डोमकळ्या तोडायच्या, असे ठरत होते. डोमकळी म्हणजे अळीने आतून बांधून टाकलेले, न उमललेले फूल. एक जरी शेत सुटले तरी अळी तिथून पुन्हा पसरणार. आणि सर्वांत मोठे शेत गावाच्या मधोमध, निंबा आबांचे.

आबांना विहिरीच्या पाण्यापासून रोपाच्या उंचीपर्यंत सगळे वीत आणि बोटांनी मोजायची सवय. त्यांनी डावा तळवा माझ्या काठावर दाबला, माझे सगळे आकडे झाकले आणि ते उजव्या हाताचे बोट आडवे ठेवत ठिपक्यांवरून वर चढले.

“मॅडम, दर आठवडाले बोटभरच चढंस. पह्यले तीन वाढनात, आतेबी तीनच. यामा घाबरानं काय शे? मी उद्या मजूर लावाव नही.”

पहिल्यांदा तीन वाढले, आताही तीनच, हा हिशेब पटून बाकीचेही माना डोलावू लागले. मला आबांपेक्षा त्या तळव्याचा राग आला. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

सापळा रिकामा करण्याचे काम ताईबाईंकडे होते. त्या आबांच्याच शेतात राबायच्या. त्यांनी पदराची गाठ सोडून एक काडेपेटी काढली. आत मेलेले पतंग होते.

“आबा, हात उचला.”

पहिल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये त्यांनी तीन पतंग ठेवले. मग शेवटच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये ठेवू लागल्या. सहा झाले, नऊ झाले, बारा झाले. ते तिथे मावेनात.

“बोट तेच शे, आबा. पन त्या बोटमा तीन वाढनात, ह्या बोटमा बारा. पुढला बोटमा चोवीस.”

आबांनी एकेक पतंग स्वतः मोजला. त्यांनी ताईबाईंच्या शब्दावरही विश्वास ठेवला नाही, हे मला मनापासून आवडले. मग ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मजूर सगळ्यांच्या आधी शेतात होते.

पाचवा ठिपका अठ्ठेचाळीसवर जायच्या ऐवजी बावीसवर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नसत्या, कारण एका ठिपक्यावर माझा भरवसा नाही. तरी त्या दिवशी जीव हलका झाला, हे कबूल करतो.

मित्रांनो, मला घडी घालू नका, पाण्यापासून जपा आणि माझा काठ कधी झाकू नका. हळूहळू चढणारी साधी सरळ रेघ कोणी दाखवली, तर तिच्यावर जरा संशय घ्या. माझ्या काठावर आबांच्या तळव्याचा तेलकट डाग अजून आहे. आबा दर आठवड्याला येतात. दोन्ही हात पाठीशी बांधून माझ्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात,

“मॅडम, काठवर काय लिखेल शे, ते पह्यले वाचा.”