सतरा नंबरचं घर

"यंत्र बिघडलंय तुमचं," ती म्हणाली. "सतरा नंबरचा नमुना पुन्हा लावा."

"तीनदा लावला, ताई." प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञानं चष्मा कपाळावर सरकवला. "तिन्ही वेळा तेच. कारखान्याला खेटून असलेल्या घरांपेक्षा दुप्पट शिसं आहे या धुळीत. कुणाचं घर आहे हे?"

तिनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

आरोग्य खात्यात सर्वेक्षक म्हणून तिला एकोणीस वर्षं झाली होती. कशापासून, कुणाला, किती अपाय होऊ शकतो, हे माणसं आजारी पडायच्या आत शोधून काढायचं, एवढंच तिचं काम. लोक पाठीमागे तिला 'चौकशीबाई' म्हणत. या खेपेला चौकशी होती ती जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्याची. शेजारच्या गल्लीतली मुलं पोटदुखीनं बेजार झाली होती आणि मालक म्हणत होता, आमची धूळ भिंतीबाहेर जातच नाही. म्हणून तिनं गल्लीतल्या सोळा घरांच्या खिडक्या ओल्या फडक्यानं पुसून नमुने घेतले. तुलनेसाठी चार घरं नदीपलीकडची घेतली, जिथे कारखान्याचा वारासुद्धा लागत नाही अशी. सतरावं त्यातलं पहिलं. ते तिच्या दादाचं घर होतं.

दादा त्याच कारखान्यात भट्टीवर मुकादम होता, हे काय तिला माहीत नव्हतं? पण घर पडलं पाऊण तासावर. एवढ्या लांब धूळ पोचणार कशी, असं वाटलं. शिवाय वहिनीशी दोन शब्द बोलणं होईल, हाही विचार होताच. जगाला शहाणपण शिकवणाऱ्या बाईची ही अक्कल!

"सोपं आहे," वैद्यकीय अधिकारी म्हणाले. "तुलनेचं घर स्वच्छ हवं. तिथे कामगार राहतो, म्हणजे निवडच चुकली. गाळा ते, दुसरं घ्या. नियमात बसतं. आणि भावाचं घर ठेवलंत तर मालकाचा वकील तुम्हाला सोलून काढेल."

नियमात बसत होतं, हीच तर पंचाईत होती.

"साहेब, ते गाळलं तर आपण फक्त गल्लीतली मुलं तपासणार. पण हे शिसं वाऱ्यानं गेलेलं नाही. कामगारांच्या अंगावर बसून घरी गेलंय. एकसष्ट कामगार आहेत, गावभर पांगलेले. त्यांच्या पोरांकडे कोण बघणार?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "उद्या अकराला सुनावणी आहे. नऊपर्यंत काय ते ठरवा."

दुपारी ती दादाच्या घरी पोचली तेव्हा वहिनी पायरीवर मटार सोलत बसली होती. दादाची नात चिमणी खिडकीच्या कट्ट्यावर बोट ओढून रेघा काढत होती आणि मधूनच ते बोट चोखत होती. चार वर्षांची झाली तरी पोर पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नव्हती. "तिचा बापही उशिराच बोलला," असं सगळे म्हणत. तिनं स्वतःही म्हटलं होतं.

ती चिमणीचा हात धुवायला उठली तेवढ्यात फाटक वाजलं.

"आबा!" पोर सुसाट धावली आणि दादाच्या गुडघ्यांना मिठी मारून पँटमध्ये तोंड खुपसून उभी राहिली. तो उचलून घ्यायला वाकला.

"दादा, उचलू नकोस तिला!"

आवाज इतका चिरका निघाला की वहिनीच्या मांडीवरचं ताट कलंडलं. दादा तसाच अर्धवट वाकलेला, हात पसरलेले.

"काय गं? साप-बिप आहे की काय?"

"कपडे काढ आधी. बाहेरच. अंघोळ कर, मग सांगते."

अंघोळ करून तो आला आणि तिनं सगळं सांगितलं. धुळीबद्दल, फडक्याबद्दल, लहान मुलांच्या मेंदूवर शिसं काय करतं त्याबद्दल. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे मी विष आणलं घरात. असंच ना?"

"कुणालाच ठाऊक नव्हतं रे."

"तुला ठाऊक असायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर शिकलीस."

घाव वर्मी बसला. आईवडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, तो सोळाचा. हिची शाळा सुटू नये म्हणून यानं स्वतःची सोडली आणि भट्टीपुढे उभा राहिला. आजवर त्यानं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आजही तेवढ्यावरच थांबला.

"तो नंबर काढता येतो?" त्यानं विचारलं.

"येतो. साहेबही तेच म्हणाले."

"मग काढ. पोरीला डॉक्टरकडे नेतो, तू म्हणशील ते करतो. पण कागदावर माझं घर नको. निम्मे जण माझ्या शब्दावर तिथे लागलेत. माझ्या घरामुळे कारखाना बंद पडला, तर कुठल्या तोंडानं उभा राहू त्यांच्यापुढे?"

"त्यांच्या घरातही पोरं आहेत, दादा."

तो उठून आत गेला. आतून कडी लागली.

वहिनी सांडलेले दाणे वेचत होती. वर न बघता हळूच म्हणाली, "पोरीचं रक्त उद्या कुठे द्यायचं, तेवढं सांगून जा, वन्सं."

सकाळी नऊला अहवाल गेला. सतरा नंबर त्यात होता, आणि खाली तिच्या हातची ओळ: घरमालक सर्वेक्षकाचे सख्खे भाऊ. वकिलानं ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. "भावाच्या खिडकीत धूळ टाकायला किती वेळ लागला, बाई?" सभागृहात हशा पिकला.

"माझ्यावर विश्वास ठेवा," ती म्हणणार होती. तोंडातून निघालं ते वेगळंच. "दहा कामगारांची घरं तुम्हीच निवडा. नमुने घ्यायलाही दुसरी माणसं पाठवा."

मालकाच्या माणसांनी निवडली. दहापैकी आठ घरांत तेच निघालं. अंघोळीची सोय, कामाचे वेगळे कपडे आणि धूर ओढणारी यंत्रणा होईपर्यंत कारखान्याला कुलूप लागलं. चिमणीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा आला अडतीस. पाचच्या वर गेला की शिसं कुठून येतंय याचा शोध घ्यायचा असतो.

"या आकड्याला औषध देत नाहीत," साहेब म्हणाले. "शिसं पोटात जाणं थांबवायचं, नीट खाऊ घालायचं, पुन्हापुन्हा तपासायचं."

"आणि जे नुकसान झालंय ते?"

साहेबांनी पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून दिली.

कामगारांच्या मुलांची तपासणी शाळेच्या सभागृहात ठेवली होती. दोन परिचारिकांना घेऊन ती आठपासून बसली. दहा वाजले तरी चिटपाखरू फिरकलं नाही. जिनं कारखाना बंद पाडला तिच्यापुढे पोरं कोण आणून उभी करणार? दादानं तर तीन आठवड्यांत फोनही उचलला नव्हता.

सव्वादहाला दार ढकललं गेलं. पुढे दादा, त्याच्या बोटाला चिमणी. मागून माणसं येतच राहिली, कडेवर पोरं, हाताला पोरं. रांग पार जिन्यापर्यंत गेली.

"चार दिवस दारोदार फिरतायत हे," एक परिचारिका कुजबुजली. "आमच्या शेजाऱ्यानं तर तोंडावर दार आपटलं. हे पायरीवरच बसून राहिले, दार उघडेपर्यंत."

चिमणी सुई टोचल्यावर रडली, मग गप्प झाली. तिला परिचारिकेजवळ सोडून दादा समोरच्या खुर्चीत बसला आणि बाही वर सारू लागला.

"आज मुलांचंच आहे, दादा."

"माझंही घ्या."

घ्या. त्रेचाळीस वर्षांत त्यानं तिला असं कधी म्हटलं नव्हतं. तिनं कोरा फॉर्म पुढे ओढला.

"वय?"

"पन्नास."

"भट्टीवर किती वर्षं?"

"चौतीस."

"घरात सहा वर्षांखालची मुलं?"

"एक."

"कामावरून आल्यावर..." तिनं फॉर्म सरळ केला. "कामावरून आल्यावर, कपडे न बदलता, मुलांना जवळ घेत होतात का?"

दादानं आपले तळवे उलटे-सुलटे करून पाहिले.

"रोज."

तिनं लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं म्हणून त्यावरून पुन्हा पेन फिरवलं.

"पुढचं विचारा, बाई," दादा म्हणाला. "मागे लोक खोळंबलेत."