टिल्लूच्या नावाने

सहा वर्षांत पहिल्यांदा ताईला सुट्टी मिळाली, आणि त्या सुट्टीत तिच्या हाती काय आलं, तर बादली आणि ब्रश.

हत्तींच्या त्या आश्रमात पाहुण्यांनी लांबून बघून चालत नसे. सकाळी आठला पोचायचं आणि दिवसभर एका हत्तीचं सगळं करायचं. चारा कापायचा, लीद उचलायची, अंग घासायचं, नदीवर नेऊन आंघोळ घालायची. घरी अंथरुणाला खिळलेल्या बापाचं हेच सगळं रोज करणाऱ्या बाईला विसावा म्हणून इथे आणावं, ही कल्पना फक्त तिच्या धाकट्या भावालाच सुचू शकत होती. त्याचं मन मात्र साफ होतं, एवढं त्याच्या बाजूने बोललं पाहिजे. "ताई, तुला लहानपणापासून हत्ती आवडतात ना," असं तो गाडीत दोनदा म्हणाला. हत्ती त्याला आवडायचे. ते त्याला दिसावेत म्हणून ताई त्याला कडेवर घेऊन उभी राहायची, एवढाच तिचा हत्तींशी संबंध.

त्याला घरात टिल्लू म्हणत, कारण जन्मला तेव्हा वीतभर होता. पुढे तो सहा फूट वाढला, पोट सुटलं, दोन पोरांचा बाप झाला, ऑफिसात माणसं त्याला सर म्हणू लागली, तरी बाबांच्या आणि ताईच्या तोंडी तो टिल्लूच राहिला. राहायचा लांबच्या शहरात. वर्षातून दोनदा यायचा, बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहून "कसे आहात बाबा" म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचा. वस्तू पाठवण्यात त्याने कधी कसूर केली नाही. हवेची गादी, चाकांची खुर्ची, सगळं त्याचंच. या दोन दिवसांपुरती बाबांपाशी राहायला नर्सबाईसुद्धा त्यानेच शोधली होती.

ताई मात्र आश्रमात आली होती ती एक गोष्ट बोलायची म्हणून. तरुणपणी ती पुस्तकबांधणी शिकली होती, चांगली सात वर्षं ते काम केलं होतं. तिच्या बरोबरीची एक मैत्रीण आता दुसऱ्या गावच्या मोठ्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायच्या खोलीची प्रमुख होती. तिने ताईला बोलावलं होतं. सहा महिने काम, राहायला खोली, आणि जमलं तर पुढे कायम. सोमवारी सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. आज शनिवार. टिल्लूने सहा महिने बाबांना आपल्याकडे न्यावं, एवढं एकच वाक्य होतं. पंधरा दिवस ती ते भांडी घासताना, कपडे वाळत घालताना पाठ करत होती, आणि टिल्लूचा फोन आला की दुसरंच काहीतरी बोलून जात होती.

आश्रमाच्या दाराशी माहुताने सगळ्या पाहुण्यांना निळे जाडेभरडे सदरे दिले. टिल्लूने सदऱ्याचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. माहुताला त्याची सवय असावी. तो म्हणाला की हे सदरे साबणाने धुवायचे नसतात, ते आज जिचं करायचं त्या हत्तिणीच्या गोठ्यातच टांगलेले असतात. तिचा जुना माहूत तीस वर्षं तिच्याबरोबर होता. तो गेला तेव्हा तिने अन्न सोडलं, कोणाला जवळ येऊ दिलं नाही, पायाची जखम चिघळली तरी हात लावू दिला नाही. शेवटी या माहुताने त्याचा सदरा अंगात घातला आणि पुढे गेला. तेव्हापासून तिच्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाने तसला सदरा घालायचा.

"मग तिला वाटतं, तोच आलाय?" ताईने विचारलं.

माहुताने हातातली दोरी खांद्यावर टाकली. "एवढं मोठं नाक आहे तिचं, ताई. ती फसत असेल असं मला नाही वाटत. चालवून घेते."

ताईने सदऱ्याची बटणं लावली. 

हत्तीण म्हातारी होती. कानांच्या कडा झिजून फाटल्या होत्या, कपाळावर खळगे पडले होते. माहुताने तपासणी कशी करायची ते दाखवलं. हत्तीला घाम येतो तो नखांच्या कडेला, तिथे ओल असली तर बरं. लीद फोडून बघायची, धागे लांब दिसले तर दात नीट चावत नाहीत. दोन्ही कुशींवर माती लागलेली असली की समजावं, ती रात्री आडवी झाली, दोन्ही अंगांवर झोपली.

"हिची डावी कूस स्वच्छ आहे," ताई म्हणाली.

माहुताने वळून पाहिलं. गुडघा दुखतो तिचा, तो म्हणाला, डाव्या अंगावर वळवत नाही तिला. तर मग उजव्या खुब्यापाशी कातडी बघायला हवी, असं म्हणत ताई पलीकडे गेलीही. तिथे तळव्याएवढी जागा तांबडी, मऊ पडली होती. ताईने बोटाने कडा दाबून पाहिली. अजून फुटली नव्हती. आज वाळलेलं गवत जाड घाला, उतरत्या जमिनीवर, म्हणजे खुब्यावर भार कमी येईल, असं तिने सांगितलं. माहूत गवत आणायला गेला, आणि टिल्लू आजूबाजूच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की आमच्या ताईच्या हाताला गुण आहे, जन्मच तिचा सेवेसाठी. ताईला हे कौतुक चांगलं ओळखीचं होतं. दर दिवाणखान्यात, दर पाहुण्यासमोर ते निघायचं, आणि ते निघालं की आपल्या गळ्यातली दोरी एक पीळ आवळते असं तिला वाटायचं.

दुपारी हत्तिणीला नदीवर नेलं. ती एकेक पाऊल चाचपत पाण्यात उतरली आणि उजव्या अंगावर न पडता तशीच गुडघाभर पाण्यात उभी राहिली. टिल्लूने पँट दुमडली, ब्रश घेतला आणि जो सुरू झाला तो थांबेना. पाठ घासली, पोट घासलं, शेपटीच्या मुळाशी हात घालून तिथली घाण बोटांनी काढली. त्याच्या सदऱ्यावर चिखल, तोंडावर चिखल. हसत होता. "अगं उभी राहा की माय, कानामागचं राहिलंय," असं तिला लाडाने दटावत होता. ताई काठाजवळ उभी राहून बघत होती, आणि बघता बघता तिला रडू यायला लागलं. एवढी चांगली आंघोळ घालतो हा. किळस नाही, घाई नाही. तिने मनाशी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

ती पाण्यात शिरली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून गेली. ग्रंथालय, खोली, सहा महिने, सोमवार.

टिल्लूचा हात थांबला. तो ब्रशमधली माती काढायला लागला. मग म्हणाला, "नोकरी घे तू. घेच. पण बाबांना मी... ताई, मला नाही जमणार. म्हणजे कामाचं नाही म्हणत मी."

"आत्ता करतोयस की. यापेक्षा अवघड नाही ते."

"हत्तिणीची गोष्ट वेगळी. ती मला ओळखत नाही." त्याने ब्रश पुन्हा हत्तिणीच्या पाठीला लावला. "ज्या माणसापुढे मी मान वर करून बोललो नाही, त्यांना मी उघडं करून धुवायचं? त्यांच्या डोळ्यांत बघून? त्यांना काय वाटेल?"

ताईने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं ठरवलंही नव्हतं.

ती म्हणाली, "त्यांना तूच आंघोळ घालतोस. रोज."

टिल्लूला कळेना. मग ताईने त्याला सांगितलं. बाबांचं डोकं ठिकाणावर होतं तोवर त्यांनी लेकीला पंच्याला हात लावू दिला नाही. एकदा तांब्या फेकून मारला, तिच्या भुवईवरची खूण त्याची होती. कपाट लागलं असं तिने तेव्हा टिल्लूला फोनवर सांगितलं होतं. आठवडाभर ते तसेच घाणीत पडून राहिले. मग एका सकाळी, दिवस-वार सुटायला लागले होते तेव्हा, दारात तिची सावली बघून त्यांनी विचारलं, टिल्लू, आलास का रे? ताई हो म्हणाली. बाबांनी हात वर केले, मुकाट्याने बंडी काढू दिली. तेव्हापासून तीन वर्षं ती त्या खोलीत टिल्लू होती. केस कापून घेतले ते त्यासाठीच. आवाज थोडा जाड काढायची सवय झाली होती.

"आणि तू?" टिल्लूने विचारलं. "तू कुठे असतेस मग?"

"मी लांब असते. वर्षातून दोनदा येते म्हणे. येत नाही म्हणून माझ्याकडेच तक्रार करतात."

टिल्लूने वाकून ओंजळीत पाणी घेतलं. चेहरा धुतल्यासारखा करून त्याने डोळे पुसले. हत्तीण सोंडेने त्याच्या खांद्यावर पाणी उडवत होती आणि काठावरच्या पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटत होती. मग तो म्हणाला, "नेतो मी त्यांना. सहा महिने कशाला, तू स्थिरावेपर्यंत राहू देत. माझ्या नावाने तू करतेस, आणि मी लाजतोय." एकदा शब्द दिला की तो फिरवणाऱ्यांपैकी टिल्लू नव्हता, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिचा जीव भांड्यात पडला. सदरे परत करताना माहुताने तिचे आभार मानले, तेही तिच्या कानात शिरले नाहीत.

मुक्कामाच्या खोलीवरून तिने मैत्रिणीला फोन केला. येते म्हणाली. मैत्रिणीने विचारलं, हात अजून चालतात ना गं? ताई म्हणाली, आज एका हत्तिणीची कातडी पारखून आलेय, तुझ्या पुस्तकांचं काय एवढं. दोघी खूप हसल्या. आपण शेवटचं कधी असं हसलो ते ताईला आठवेना.

रविवारी दुपारी दोघं घरी पोचली तेव्हा नर्सबाई पिशवी भरून तयारच होती. वैतागली होती बिचारी. आजोबांनी दोन दिवस अंगाला पाणी लागू दिलं नाही, चादरसुद्धा बदलू दिली नाही, सारखं टिल्लू कुठंय, टिल्लू कुठंय. ताई सवयीने पदर खोचायला लागली. टिल्लूने तिला थांबवलं. त्याने स्वतः पाणी तापवलं, कोपर बुडवून ऊन किती ते पाहिलं, बादली, तांब्या, टॉवेल घेतला आणि खोलीत गेला. या वेळी तो दारात थांबला नाही. थेट पलंगापाशी गुडघ्यांवर बसला.

"बाबा, मी टिल्लू. चला, आंघोळ करू."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "नको नको. तुम्ही कशाला तसदी घेता? आमचा मुलगा आहे, तो करतो."

"बाबा, मीच तुमचा मुलगा. टिल्लू."

बाबा आधी हसले. परक्या माणसाने गमतीत काहीतरी म्हणावं आणि आपल्याला ते कळू नये, तसं. टिल्लूने त्यांचा हात हातात घेतला, पुन्हा तेच सांगितलं, लहानपणीचं काही काही सांगितलं, आपल्या पोरांची नावं सांगितली. ते हसू विरत गेलं. हात सुटेना म्हणून ते ओढायला लागले, हनुवटी थरथरायला लागली, आणि डोळे खोलीभर कोणाला तरी शोधत दारात उभ्या असलेल्या ताईवर येऊन थांबले.

"टिल्लू," ते तिला म्हणाले, "हे कोण रे? तुझं नाव का सांगताहेत मला?"

टिल्लूने मान वळवून ताईकडे पाहिलं.  एक शब्द खरा बोलली असती तर त्या खोलीत काय झालं असतं, हे ताईला दिसत होतं. तीन वर्षं घासूनपुसून तिने जे उभं केलं होतं ते इतकं पक्कं झालं होतं की आता त्यात खऱ्याला जागा उरली नव्हती. बाबांचा श्वास धापेला लागला होता.

"पाहुणे आहेत, बाबा," ती जाड आवाजात म्हणाली. "घर चुकून आले. जातील आता."

बाबांच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. भल्या माणसाला उगाच तोडून बोललो की काय, असं वाटून ते ओशाळले. "बसा हो, बसा," टिल्लूला म्हणाले. "टिल्लू, यांना खुर्ची दे. आंघोळ झाली की बोलू आपण. फार करतो हो पोरगा माझं."

ताईने खुर्ची सरकवून दिली. टिल्लू तीत बसला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. बादलीतलं पाणी निवायला लागलं होतं. ताईने तांब्या उचलला, आणि बाबांनी हात वर केले.