फौजदार गुरगुरतो

लडकूने सकाळीच फौजदार या घरच्या कुत्र्याला पुन्हा काठीने झोडपलं आणि मोठी कामगिरी केल्यासारखा ओटीवर येऊन बसला. फौजदाराचा गुन्हा एवढाच, की चार वर्षांची नात अपेक्षा त्याच्या भाकरीशी गेली तेव्हा तो गुरगुरला. घरच्या नातीवर गुरगुरतो म्हणजे काय, असं लडकूचं म्हणणं. कुत्र्यातलं आपल्याइतकं अख्ख्या सापगावात कुणाला कळत नाही, हे तो स्वतःच सांगत फिरे. दुसरं कुणी सांगेल, याची वाट किती बघणार?

त्या मारानंतर कुत्रा गप्प झाला. लडकू म्हणाला, सुधारला. त्याच्या बायकोला, गोदूला, हे सुधारणं मुळीच पटलं नाही. पोर जवळ गेली की फौजदार आता आवाज करत नसे, पण खायचा थांबे, अंग ताठ करी आणि डोळ्यांतलं पांढरं दाखवत तिच्याकडे तिरकं बघे. शेपूट हलवी, तीही वर ताठ धरून, हळूहळू. लडकूला तेवढी शेपूट दिसायची. बाकीचा कुत्रा दिसतच नसे. गोदूने दोनदा सांगून पाहिलं. बायकांना काय कळतंय, म्हणून त्याने ते उडवून लावलं.

भाताच्या झोडणीला खळ्यावर माणसं जमली, तशी लडकूला हौस आली. फौजदारापुढे भाकरी टाकून त्याने नातीला फर्मावलं, जा, काढून घे त्याच्या तोंडातली, बघू दे सगळ्यांना. पोर धावली. कुत्रा खाता खाता जागच्या जागी थिजला. हातातला भारा टाकून गोदू पुढे झाली.

"उभी ऱ्हा बाय. हात खाली," ती हळू आवाजात म्हणाली. पोर थांबली, तशी तिला उचलून कडेवर घेतली आणि नवऱ्याकडे वळली.

"पयले तुमी काढा. मंग पोर काढील."

खळ्यावर हशा पिकला. आता मागे कसं सरणार? लडकूने भाकरीला हात घातला आणि कुत्र्याने हाताला दात.

शहापूरहून इंजेक्शन घेऊन येताना रिक्षातल्या परक्या माणसांनाही तो सांगत होता, हरामखोर न सांगता चावला. कुत्रा गुरगुरून सांगत होता तेव्हा त्याला काठी कुणी घातली, एवढं मात्र त्याने गाळलं.

कुत्र्याला जंगलात सोडायची भाषा गोदूने चालू दिली नाही. गोठ्यामागे बांधून ती त्याला वेगळं खायला घालू लागली, आणि त्याच्यावर कुणाला हात उगारू दिला नाही. खात्या-झोपल्या कुत्र्याकडे जायचं नाही, तो अंगावर आला तर पळायचं नाही, हे तिने नातीकडून रोज घोकून घेतलं.

मग एका संध्याकाळी कोंबडीमागे धावत अपेक्षा थेट गोठ्यामागे गेली. फौजदार खात होता. त्याने ओठ वर उचलला आणि घशातून गुरगुरला. पोर थबकली, हात खाली सोडले आणि पाऊल पाऊल मागे आली.

लडकू चांगल्या हातात काठी घेऊन उठला. गोदूने ती काठी धरली.

"गुरगुरू द्या त्याला," ती म्हणाली. "या घरात तेवढाच एक शहान्यासारखा बोलतो."